नद्यांना आडवा गेलेला बकिंगहॅम कालवा

चेन्नईच्या किनाऱ्याचा नकाशा जरा मोठा करून पाहिला, तर समुद्रापासून थोडंसं आत एक बारीक निळी रेघ दिसते. या भागातल्या सगळ्या नद्या पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळतात. ही रेघ मात्र उत्तर-दक्षिण जाते, त्या सगळ्यांना आडवी. आंध्रातल्या पेद्दगंजामहून निघायचं, नेल्लूरचा किनारा धरून खाली यायचं, पुलिकत सरोवराला भिडायचं, चेन्नईच्या पोटातून जायचं आणि तमिळनाडूतल्या मरक्काणमला थांबायचं, असा तिचा सुमारे ४२० किलोमीटरचा प्रवास. हा बकिंगहॅम कालवा.

चेन्नईत राहणाऱ्यांच्या लेखी हा कालवा म्हणजे काळं पाणी आणि दुर्गंधी. पक्षी बघणाऱ्यांच्या लेखी याच किनाऱ्यावरचं पुलिकत म्हणजे हिवाळ्यात उतरणारे हजारो रोहित पक्षी. एक गटार, एक अभयारण्य. दोन्हींची खाती वेगळी, बातम्या छापल्या जातात त्याही वेगवेगळ्या पानांवर. पण पाणी कुठून कुठे जातं हे पाहू लागलं की कालवा आणि सरोवर वेगळे काढता येत नाहीत. कालव्याची दुरवस्था आणि पाणथळींची दुरवस्था ही एकच गोष्ट आहे, असं माझं मत आहे आणि ते का, तेच इथे सांगायचं आहे. त्यासाठी मुळात हा कालवा चालतो कसा, तिथून सुरुवात करू.

उतार नसलेला कालवा

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धरण येतं. धरणातून पाणी सोडायचं, उताराने ते पाटात न्यायचं, पाटातून शेतात. बकिंगहॅम कालव्याचा असल्या कामाशी काही संबंध नाही. त्याच्या बहुतेक लांबीत पाणी खारं आहे, शेतीला निरुपयोगी. तो खणला गेला तो होड्यांसाठी. कोरोमंडलच्या, म्हणजे या पूर्व किनाऱ्यावर समुद्र वर्षातले कितीतरी महिने खवळलेला असतो, नैसर्गिक बंदरं जवळपास नाहीत, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तर चक्रीवादळांचा हंगाम. उघड्या समुद्रातून छोट्या होडीने माल नेणं म्हणजे जिवाशी खेळ. किनाऱ्याच्या आत मात्र खाड्या, खारी सरोवरं आणि दलदली यांची एक तुटक साखळी आधीपासून होतीच. मधले कोरडे तुकडे खणून ती साखळी जोडायची, एवढीच मूळ कल्पना.

या कालव्याला सांगण्यासारखा उतार नाही. पाणी हलतं ते भरती-ओहोटीने. भरतीला नद्यांच्या मुखांतून समुद्र आत शिरतो आणि कालव्यात दोन्ही बाजूंना पसरतो. ओहोटीला त्याच वाटेने परत जातो. म्हणजे एकाच ठिकाणी उभं राहून पाहिलं तर सकाळी पाणी उत्तरेला सरकताना दिसेल आणि दुपारी दक्षिणेला.

इथे एक आकडा फार महत्त्वाचा आहे. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर तोच फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईची खाडी दिवसातून दोनदा जोरात धुऊन निघते. कोरोमंडलच्या खाड्यांना तेवढा जोर मिळत नाही. पाणी आत येतं, थोडं हलतं, पुरतं बाहेर पडत नाही. त्यामुळे आत जे काही टाकाल, गाळ, सांडपाणी, तेल, ते तिथेच घोटाळत राहतं. पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ या मीटरभर भरतीत आहे.

जिथे कालवा नदी ओलांडतो तिथे दुसरी अडचण. नदीला पूर आला की ते पाणी वाळू-गाळासकट कालव्यात घुसणार. नदी आटली की कालव्यातलं पाणी निसटून जाणार. म्हणून नदीच्या दोन्ही अंगांना लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची कोठी. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा उघडून कोठीतली पातळी हळूहळू नदीच्या पातळीला आणायची, मग पुढचं दार उघडायचं. पलीकडच्या काठावर हाच खेळ उलटा. माल भरलेली होडी नदीचं पात्र ओलांडून पुन्हा कालव्यात शिरायची आणि काठावरून दोर ओढणारी माणसं किंवा वारा असेल तर शीड, तिला पुढे न्यायचं. आज यातले बहुतेक लॉक मोडकळीला आलेत. त्यांची दारं गेली म्हणजे नुसती होड्यांची सोय गेली असं नाही. नदी आणि कालवा यांच्यात पाणी अडवण्या-सोडण्याचा जो नळ होता तोच गेला.

दुष्काळात खणलेले आठ किलोमीटर

पहिला तुकडा १८०६ सालचा. मद्रासपासून उत्तरेला एन्नोरपर्यंत, सुमारे अकरा मैल. पैसा घातला बेसिल कॉक्रेन नावाच्या व्यापाऱ्याने, म्हणून लोक त्याला कॉक्रेनचा कालवा म्हणत. पुढे तो पुलिकतपर्यंत वाढला. १८३७ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि नंतरच्या दशकांत टप्प्याटप्प्याने तो उत्तरेला पेद्दगंजामपर्यंत आणि दक्षिणेला मरक्काणमपर्यंत नेला. उत्तरेच्या टोकाला तो कोम्मामूर कालव्याला मिळतो, तो कृष्णेला, आणि कृष्णेपासून एलुरू कालवा गोदावरीपर्यंत पोचतो. थोडक्यात, गोदावरीच्या मुखाजवळच्या काकीनाड्याहून निघालेली होडी समुद्रात न उतरता मद्रासला येऊ शकत होती.

पण खुद्द मद्रास शहरात एक खंड राहिला होता. उत्तरेचा कालवा कूवम नदीपाशी संपायचा, दक्षिणेचा अड्यारपासून सुरू व्हायचा. मधले सुमारे आठ किलोमीटर कोरडे होते. ते जोडले गेले १८७७-७८ मध्ये आणि ते ज्या परिस्थितीत जोडले गेले ती मराठी वाचकाला परकी नाही. १८७६ ते ७८ चा तो थोरला दुष्काळ. दख्खनमध्ये, म्हैसूरमध्ये आणि मद्रास इलाख्यात त्याने लाखो माणसं मारली. सरकारने मदतकार्य काढलं ते कामाच्या रूपाने: खडी फोडा, रस्ते करा, कालवे खणा आणि बदल्यात धान्य-पैसा घ्या.

किती धान्य, हा त्या काळचा मोठा वाद होता. व्हाइसरॉयच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवलं. टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला मजुरी ठरवली ती अशी: दिवसभर काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. उन्हात माती उपसणाऱ्या माणसाला, त्यातही आधीच महिनोन् महिने अर्धपोटी असलेल्या माणसाला, एवढ्यावर काम करायला लावणं म्हणजे त्याला सावकाश मारणं आहे, असं मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी मांडलं आणि ते जाहीरपणे भांडले. काही महिन्यांनी मद्रासमध्ये हे प्रमाण वाढवण्यात आलं. टेंपल यांची मात्र त्याच वर्षी मुंबईच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. आपल्याकडे पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळग्रस्तांच्या मजुरीवरून जो आवाज उठवला तो याच मापाविरुद्ध.

कूवम ते अड्यार हा तुकडा अशा मजुरीवर जगणाऱ्या हातांनी खणला. मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम अँड चँडॉस. नाव त्यांचं लागलं, आणि फक्त त्या तुकड्याला नाही, पुढे सगळ्याच कालव्याला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या आठ किलोमीटरांचं महत्त्व वेगळं आहे. तोपर्यंत उत्तरेचं पाणी आणि दक्षिणेचं पाणी वेगळं होतं. दुष्काळी कामाने ते एक केलं. पुलिकत, एन्नोरची खाडी, कूवम, अड्यार, पळ्ळिकरणैची दलदल, मुत्तुकाडूची खाडी हे सगळं एका रेघेवर आलं. चाळीत प्रत्येकाची खोली वेगळी असते, पण दारं सगळी एकाच सामाईक गॅलरीत उघडतात. कोणाच्याही खोलीत काही जळलं तरी धूर सगळ्यांच्या घरात जातो. कोरोमंडलच्या नद्यांना ही गॅलरी माणसाने बांधून दिली.

शे-दीडशे वर्षं हा कालवा उपयोगी पडला. तांदूळ, मीठ, शिंपल्यांचा चुना, आणि मुख्य म्हणजे जळण. श्रीहरिकोटा बेटावरची लाकडं होड्यांत भरून मद्रासच्या चुलींपर्यंत जायची. मग रेल्वे आली, रस्ते आले. १९६५-६६ आणि १९७६ च्या चक्रीवादळांनी काठ फोडले, गाळ भरला, आणि वाहतूकच उरलेली नसल्याने दुरुस्तीची घाई कोणाला वाटली नाही.

पुलिकत: कधी गोडं, कधी समुद्राहून खारं

तमिळमध्ये याचं नाव पळवेर्काडू. चिलिकाच्या खालोखाल देशातलं सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर. उत्तर-दक्षिण सुमारे साठ किलोमीटर लांब. बहुतेक भाग आंध्रात, दक्षिणेचा छोटा तुकडा तमिळनाडूत. समुद्र आणि सरोवर यांच्या मध्ये श्रीहरिकोटाची वाळूची लांबट पट्टी आहे, जिथून इस्रोचे अग्निबाण उडतात. तिथले मूळ रहिवासी यानादी आदिवासी. अवकाश केंद्रासाठी बेट घेतलं तेव्हा त्यांना हलावं लागलं, ही बाजू उड्डाणांच्या बातम्यांत सहसा येत नाही.

दक्षिणेकडून अरणी, वायव्येकडून कालंगी आणि उत्तरेच्या अंगाला स्वर्णमुखी या नद्या पावसाळ्यात गोडं पाणी आणतात. इथला मुख्य पाऊस आपल्यासारखा जून-जुलैचा नसून ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी. त्या महिन्यांत सरोवर फुगतं आणि पाणी बरंचसं गोडं होतं. मग पाऊस थांबतो, नद्या आटतात, ऊन वाढतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. उन्हाळ्यात पुलिकतच्या उत्तर भागात हे प्रमाण पन्नासच्या वर जातं, म्हणजे सरोवर समुद्रापेक्षा खारट होतं. त्या भागाचे कितीतरी भाग सरळ सुकतात आणि चिखलाची पांढुरकी, मिठाने तडकलेली जमीन उघडी पडते. सरासरी खोलीच मुळात मीटर-दीड मीटर. नव्या माणसाला वाटेल की सरोवर मेलं. तसं नसतं. हे त्याचं नेहमीचं वर्ष आहे.

या चढउतारावरच इथलं जीवन बेतलेलं आहे. पांढरी कोळंबी घ्या. ती अंडी घालते समुद्रात. पिल्लं काही मिलिमीटरची झाली की भरतीच्या पाण्याबरोबर मुखातून सरोवरात शिरतात, कारण आत खाणं भरपूर आणि मोठे मासे कमी. इथे काही महिने वाढायचं आणि मग अंडी घालायला पुन्हा समुद्रात. बोई मासा, चिंबोऱ्या यांचंही जाणं-येणं असंच. म्हणजे मुख बंद तर कोळंबी बंद. आणि पुलिकतचं मुख बंद होतं, वारंवार. किनाऱ्याने वाहणारी वाळू त्याच्यासमोर दांडा घालते. नद्यांना पूर आला तर तो दांडा फुटतो. पूर कमी, भरती क्षीण, तर महिनोन् महिने फुटत नाही. मग मच्छीमार स्वतःच फावडी घेऊन वाळू उपसतात किंवा सरकारकडे धरणं धरतात.

मासेमारीची इथली एक जुनी पद्धत लक्षात राहण्यासारखी आहे. तिला पाडू म्हणतात. सरोवरात जाळं लावण्याच्या चांगल्या जागा मोजक्या, माणसं जास्त. म्हणून कुणी कुठल्या जागी कधी जाळं लावायचं हे चिठ्ठ्या टाकून, पाळीपाळीने ठरतं. आज चांगली जागा मिळालेल्याला पुढच्या पाळीत कमी मासळीची जागा येणार. भांडणं टळतात, आणि एकाच जागेवर अतिरेकी मासेमारीही होत नाही. मात्र ती सर्वांना खुली नाही. परंपरेने ज्यांचा हक्क मानला गेला त्या गावांना आणि समाजालाच तिच्यात पाळी मिळते, बाकीच्यांना उरलेल्या पाण्यात हातपाय मारावे लागतात. कौतुक करताना हेही सांगायला हवं.

पक्ष्यांबद्दल वेगळं सांगायची फारशी गरज नाही. रोहित इथे येतात ते उथळ पाण्यासाठी. लांब पाय चिखलात, मान खाली, चोच चक्क उलटी धरून पाणी आणि गाळ आत ओढायचा आणि जिभेने बाहेर ढकलताना शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव गाळून घ्यायचे. पाणी मांडीच्या वर गेलं की हा धंदा चालत नाही. जवळच्या नेलपट्टूला पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर झोळीवाले, म्हणजे पेलिकन, घरटी करतात आणि खायला पुलिकतवर जातात. आंध्रने आपला भाग १९७६ मध्ये आणि तमिळनाडूने १९८० मध्ये अभयारण्य केला. पाणी एक, अभयारण्यं दोन.

सुळ्ळूरपेटाहून श्रीहरिकोटाला जाणारा रस्ता सरोवरातून मातीचा भराव टाकून नेला आहे. पक्षी बघायला तो झकास, दोन्ही हातांना पाणी. पण त्या भरावाने सरोवराचे दोन तुकडे केले. मोऱ्या आहेत, तरी दक्षिणेकडचं समुद्राचं पाणी उत्तरेला पूर्वीसारखं पसरत नाही, आणि उत्तरेचा भाग लवकर सुकतो. कालव्याच्या जुन्या वाटेतही जागोजागी गाळ भरल्याने ती पर्यायी वाट राहिलेली नाही.

एन्नोर, जिथे दोन्ही गोष्टी भेटतात

पुलिकतहून कालव्याने दक्षिणेला यायचं म्हणजे एन्नोरच्या खाडीत यायचं. इथे कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते आणि कालवा तिला आडवा जातो. चेन्नईच्या तिन्ही नद्यांपैकी ही सर्वांत मोठी. तिचा पूर पसरायला खाडीभोवती खारफुटी, मिठागरं आणि दलदली होत्या. त्या पट्ट्यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत औष्णिक वीजप्रकल्प, मणलीचे तेल आणि खतांचे कारखाने आणि दोन बंदरं उभी राहिली.

वीजप्रकल्पांची राख पाण्यात कालवून नळांनी तलावात नेतात. नळ फुटतात, राख खाडीत आणि कालव्यात उतरते, आणि पाण्याखालचा चिखल राखेने घट्ट होतो. त्याचा अर्थ काय, ते इथल्या इरुलर आदिवासी बायांकडे पाहिलं की कळतं. त्या कमरेएवढ्या पाण्यात बसून-वाकून, दोन्ही हातांनी तळ चाचपत कोळंबी पकडतात आणि ताडाच्या पानांची छोटी टोपली दातांत धरून तिच्यात टाकतात. ना जाळं, ना होडी. बोटांना मऊ चिखल लागला तर कोळंबी आहे. राख लागली तर काही नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई बुडवली. मणलीच्या तेलशुद्धीकरणाच्या परिसरात पाणी भरलं आणि त्याच्यासोबत तेल बाहेर पडलं. ते पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यात आलं, कालव्यातून कोसस्थलैयारमध्ये, तिथून एन्नोरच्या खाडीत आणि समुद्रात. होड्या, जाळी, खारफुटीची मुळं, घरांच्या भिंती, सगळीकडे काळा चिकट थर. झोळीवाल्यांची पिसं तेलाने माखलेली. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. साफसफाईत मच्छीमारच आपल्या होड्या घेऊन बादल्यांनी तेल उपसताना दिसत होते. तेल जिथे सांडलं तिथून ते खाडीत पोचलं कसं, याचं उत्तर नकाशावरची ती निळी रेघ आहे.

शहराच्या आत आणि शहराच्या खाली

कूवम ते अड्यार या दुष्काळी तुकड्याबद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. १९९० च्या दशकात चेन्नईची उन्नत रेल्वे बांधली गेली तेव्हा भूसंपादन टाळण्याचा सोपा मार्ग म्हणून कालव्याची जागा निवडली. खांब पात्रातच रोवले. अनेक ठिकाणी पात्र अरुंद झालं, पाणी सांडपाणीच उरलं. शहराला रेल्वे हवी होतीच. पण पुराचं पाणी वाहून नेणारी एक वाट आपण तिच्यासाठी देऊन टाकतो आहोत, याचा हिशेब त्या वेळी फारसा मांडला गेला नाही.

त्याहून मोलाचा धडा अड्यारच्या दक्षिणेला आहे. पळ्ळिकरणैची दलदल. एकेकाळी सुमारे पन्नास चौरस किलोमीटर पसरलेली, आज तिच्यातले साडेबाराशे हेक्टरांच्या आसपास रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहेत. ती नोंद २०२२ सालची. मधल्या काळात तिच्यावर कचरा डेपो आला, वसाहती आल्या, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचा मोठा रस्ता आला. २००७ मध्ये तिच्या एका भागाला राखीव वनाचा दर्जा मिळाला आणि उरलेलं बरंचसं वाचलं.

दक्षिण चेन्नईतल्या कितीतरी तलावांचा जादा पाऊस एकातून दुसऱ्यात उतरत शेवटी या दलदलीत येतो. दलदल तो पसरून धरते, आणि मग ओक्कियम मडुवू नावाच्या एकाच अरुंद वाटेने सावकाश बकिंगहॅम कालव्यात सोडते. कालवा तो दक्षिणेला मुत्तुकाडूजवळच्या कोवलम खाडीपर्यंत नेतो आणि तिथून समुद्र. आता ही सगळी वाट डोळ्यांसमोर आणावी. दलदल आक्रसली म्हणजे पाणी धरून ठेवायला जागा कमी. ओक्कियम मडुवू अरुंद झाला म्हणजे बाहेर पडायला वेळ जास्त. कालव्यात गाळ आणि जलपर्णी म्हणजे पुढे सरकणं मंद. आणि कोवलमचं मुख वाळूने अर्धं मिटलेलं, त्यात समुद्राला भरती, म्हणजे शेवटचं दारही बंद. १ डिसेंबर २०१५ च्या सुमारास तांबरमला २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. ते पाणी दक्षिण चेन्नईच्या वस्त्यांतून कित्येक दिवस हललं नाही, यात आश्चर्य नव्हतं. चारही ठिकाणी अडथळा होता आणि नुसता एखादा काढून भागणार नव्हतं. मुख उघडलं पण कालवा तुंबलेला, तर उपयोग नाही. कालवा उपसला पण दलदलीवर इमारती, तर पाणी एकदम येणार.

त्सुनामी आणि जलमार्ग

कालव्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पेद्दगंजाम ते चेन्नई या पट्ट्यात लाटेचं पाणी कालव्यात भरलं, काही ठिकाणी काठावरून वर आलं आणि दहा-पंधरा मिनिटांत परत समुद्राकडे गेलं. भूवैज्ञानिकांनी नंतर पाहणी करून लिहिलं की कालव्याने लाटेचा जोर झेलला आणि शेकडो मच्छीमारांचे जीव वाचले. समुद्राला समांतर, रुंद, रिकामा खड्डा लाटेसमोर असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं. जिथे तो भराव टाकून अरुंद झाला होता, तिथे ही सोय नव्हती.

२००८ मध्ये केंद्राने काकीनाडा ते पुदुच्चेरी हे कालवे आणि गोदावरी-कृष्णेचे काही टप्पे मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ जाहीर केला. कागदावर कल्पना छान आहे. जलवाहतूक स्वस्त आणि कमी प्रदूषणाची. पण जलमार्गाला सलग खोली लागते, रुंदी लागते, चालू लॉक लागतात. चेन्नईत रेल्वेचे खांब मध्ये उभे आहेत. पुलिकतला तर प्रश्न उलटा आहे: मीटरभर खोल सरोवराला लागून खोल चर खणला तर गोड्या-खाऱ्या पाण्याचा तोल बदलेल, आणि रोहितांचं उथळ पाणी, कोळंबीची वाट, मच्छीमारांच्या जागा, सगळ्यांवर त्याचा परिणाम होईल. मला विचाराल तर आधी मुखं उघडी ठेवणं, सांडपाणी आणि राख थांबवणं आणि कालव्याचे काठ मोकळे करणं ही कामं करावीत. होड्यांचं मग पाहता येईल.

अडचण अशी की हे करणारं कार्यालय एक नाही. कालवा जलसंपदा खात्याचा, पुलिकत आणि पळ्ळिकरणै वनखात्याचं, जलमार्ग केंद्रीय प्राधिकरणाचा, सांडपाणी महानगर जलमंडळाचं, राख वीजमंडळाची, मुखाशी येणारी वाळू बंदरांमुळे वळलेली, आणि वरून दोन राज्यं. प्रत्येकजण आपल्या हद्दीतला तुकडा सुधारतो आणि पाणी पुढच्याच्या हद्दीत जातं.

प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. चेन्नई सेंट्रलजवळून निघणारी उपनगरी रेल्वे सुळ्ळूरपेटापर्यंत जाते. तिथून श्रीहरिकोटाच्या भरावाच्या रस्त्यावर दुर्बीण घेऊन उभं राहिलं की पुरे. तमिळनाडूच्या बाजूने पळवेर्काडू गावाला पोन्नेरी स्थानकावरून बस मिळते. गावात डच व्यापाऱ्यांची कोरीव थडगी असलेलं सतराव्या शतकापासूनचं कब्रस्तान आहे. तिथे होडीचा मोह आवरा: २०११ च्या नाताळात सहलीची होडी उलटून वीसहून अधिक माणसं गेली होती. कालवा आणि दलदल जवळून पाहायची तर दक्षिणेला मुत्तुकाडूचा पूल सर्वांत सोयीचा. पुलावर उभं राहून एका हाताला खाडीचं मुख दिसतं, दुसऱ्या हाताला चेन्नईकडून आलेला कालवा, आणि भरती आहे की ओहोटी हे पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीच्या दिशेवरून दोन मिनिटांत ओळखता येतं.